नमस्कार घालणारा राजा

राजा म्हटला की हत्ती, अंबारी आणि शिकार डोळ्यांपुढे येते. औंधचे श्रीमंत भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी मात्र लोकांच्या लक्षात राहिले ते सूर्यनमस्कारामुळे. त्यांचा जन्म १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते शिकले आणि १९०९ साली गादीवर आले. संस्थान लहानसे, ७२ गावांचे. ते चित्रे काढीत, कीर्तनही करीत. पण ते सारे सांगत बसलो तर संपादक माझी पाने कापतील!

तरुणपणी बाळासाहेबांचे शरीर स्थूल होते. त्या काळी परदेशी व्यायामपटू सँडो याचे नाव गाजत होते. त्याची साधने मागवून त्यांनी वर्षानुवर्षे नेमाने व्यायाम केला. पुढे १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सल्ल्याने ते सूर्यनमस्काराकडे वळले, आणि तो नेम मग सुटला नाही.

खरी गोम मला इथेच दिसते. सँडोची साधने राजाला परवडतात, कुणब्याच्या पोराला नाही. नमस्काराला काय लागते? अंथरुणाएवढी जागा. दहा अवस्थांचा हा नमस्कार त्यांनी संस्थानच्या शाळांत सक्तीचा केला. नुसता हुकूम सोडून ते स्वस्थ बसले नाहीत. स्वतः रोज नमस्कार घालीत, घरच्या मंडळींनाही घालायला लावीत. खाण्यापिण्याविषयीही त्यांचा कटाक्ष असे. १९३८ साली लुईज मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेले त्यांचे पुस्तक लंडनमध्ये निघाले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. वडील म्हणतात, जन्मभर पाटी-खोरे उचलणाऱ्याला व्यायाम कशाला? त्यांचे त्यांच्यापुरते खरे आहे. पण मी आता खोरे उचलत नाही, दिवसभर बाकावर बसतो. वसतिगृहातले कित्येक सोबती तर तोंड धुण्याआधी तंबाखूची पुडी सोडतात. त्यांतल्या एकाला तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्याबद्दल डॉक्टरांनी ताकीद दिली आहे. वय वर्षे वीस!

सक्ती मात्र मला पटत नाही. बाळासाहेबांचे नमस्कार मंत्रांसह असत. ज्याच्या धर्मात सूर्याला नमन नाही, त्या मुलाने काय करावे? आज तसा हुकूम चालणार नाही, चालूही नये. नवल असे की, याच राजाने १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना लागू करून आपली सत्ता प्रजेच्या हाती दिली. त्याच साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. कैद्यावर भरवसा टाकणारा हा माणूस शाळेतल्या पोरांवर का टाकू शकला नाही, हे कोडे मला सुटलेले नाही.

१९५१ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी ते गेले. आमच्या वसतिगृहाच्या गच्चीवर हल्ली पहाटे सहा जण जमतात. मंत्र कोणी म्हणत नाही, आकडे मात्र मोठ्याने मोजतो. तो चट्टेवाला अजून आलेला नाही. त्याच्या दारावरची थाप मी चालू ठेवली आहे.