आईपासून बाळ दूर नको : डॉक्टर ब्युदँ यांचें चरित्र

ज्यांच्या घरीं दिवस भरण्यापूर्वीं मूल जन्मलें आहे, त्यांस त्या इवल्या जिवाची काळजी काय असते हें आम्हीं सांगावयास नको. अशा बाळांचे व त्यांच्या मातांचे कैवारी डॉक्टर पिएर ब्युदँ यांचें चरित्र आज आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

ब्युदँ यांचा जन्म सन १८४६ त फ्रान्स देशांतील एका खेड्यांत झाला. पॅरिस येथें ते प्रसूतिशास्त्रांत निष्णात झाले. त्यांचे गुरु डॉक्टर तार्निए यांनीं सन १८८० च्या सुमारास, अंडीं उबविण्याच्या यंत्रावरून सुचलेली ऊबेची पेटी अशक्त बाळांसाठीं प्रचारांत आणिली होती. तिच्या योगें पुष्कळ बाळें वांचूं लागलीं.

सन १८९२ मध्यें ब्युदँ यांनीं शारिते रुग्णालयांत एक नवी व्यवस्था केली. प्रसूत होऊन घरीं गेलेल्या माता ठरलेल्या दिवशीं बाळांस घेऊन येत. बाळाचें वजन होई आणि अंगावर पाजण्याविषयीं मातेस धीर दिला जाई.

पुढें सन १८९५ त मोठ्या प्रसूतिगृहाचा कारभार त्यांजकडे आला. तेथें दुबळीं बाळें निराळ्या इमारतींत, दायांच्या दुधावर वाढत. आई दूर राही. बाळ वांचे, पण आईचें दूध आटे आणि तिचें मनही परकें होई. कित्येक माता बाळास न्यावयास येतही नसत. हातून सेवाच घडली नाहीं, तर माया कशी जडावी? तिला दोष देण्यापूर्वीं आपण याचा विचार करावा.

ब्युदँ यांनीं ठरविलें कीं, पेटी आईच्या खाटेशेजारींच असावी, तिला कांचेंतून बाळ दिसावें आणि दूधही तिनेंच पाजावें. बाळास चोखतां येत नसेल, तर चमच्यानें दूध द्यावें. दूध आटूं नये म्हणून तिनें दुसरें एखादें सशक्त मूलही अंगावर घ्यावें, असा त्यांचा सल्ला असे. हे अनुभव त्यांनीं सन १९०० मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केले. सन १९०७ त ते निवर्तले.

त्यांच्या मागें ही शिकवण बऱ्याच ठिकाणीं विसरली गेली; मोठमोठ्या इस्पितळांत बाळें कांचेपलीकडे व माता अलीकडे, अशी रीत पडली. परंतु सन २०२१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत, हिंदुस्थानासह पांच देशांतील इस्पितळांत, जन्मतांच आईच्या उराशीं ठेविलेल्या अशक्त बाळांपैकीं शेंकडा १२ दगावलीं. प्रकृति स्थिर होईपर्यंत आईपासून वेगळीं ठेविलेल्यांपैकीं सुमारें १६. ब्युदँ यांनीं आईची जागा बाळाजवळ ठरविली होती, ती उगीच नव्हे.