गाडग्यातली भाकरी आणि सदावर्ताची पंगत

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



२० डिसेंबरला संत गाडगेबाबांची पुण्यतिथी असते. त्याच सुमारास आपल्याकडे दत्तजयंतीची गडबड. यंदा आपण भगिनींनी ठरवलंय की घरी केलेले पदार्थ उत्सवात विकायचे आणि जमेल ती सगळी रक्कम रुग्णांच्या नातेवाइकांसाठी चालणाऱ्या अन्नछत्राला द्यायची. समूहावर काही जणींनी विचारलं, की एवढी भाजणी भाजायची, लाडू वळायचे, त्यापेक्षा प्रत्येक घराने पाचशे रुपये दिले तर काम लवकर नाही का होणार? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच या वेळी चरित्रासाठी आम्ही बाबांना निवडलं. अन्न आणि दान या दोन्हींचा त्यांच्याइतका विचार क्वचितच कुणी केला असेल.

बाबांचं मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. घर परिटाचं. वडील दारूपायी लवकर गेले. आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुरे गावी भावाकडे आली. मामाच्या घरी डेबूने गुरं राखली, नांगर धरला, मोट हाकली. शाळेची पायरी काही चढायला मिळाली नाही. पण सावकाराच्या कर्जात मामाची जमीन कशी गेली हे त्याने डोळ्यांनी पाहिलं. पुढे कीर्तनात बाबा कर्ज काढू नका, दारूला शिवू नका, पोरांना शिकवा हे कळवळून का सांगत, त्याचं मूळ या घरात आहे.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी लग्न झालं. पहिली मुलगी झाली तेव्हाची गोष्ट फार बोलकी आहे. बारसं म्हटलं की जातभाईंना मटण आणि दारूचं जेवण घालायचं, ही रीत. डेबूजींनी ती मोडली आणि गोडाचं जेवण घातलं. पंचमंडळी रागावली, पण ते बधले नाहीत. ज्या दारूने बाप नेला ती लेकीच्या बारशाला नको, एवढा साधा हिशेब. बाबांच्या समाजसेवेची सुरुवात आम्हाला तरी या पंगतीपासून दिसते. जेवण कशाचं घालायचं आणि कशासाठी घालायचं, हे त्यांनी तिथे पहिल्यांदा स्वतः ठरवलं.

१ फेब्रुवारी १९०५ ला त्यांनी घर सोडलं. मागे कुंताबाई, म्हातारी आई आणि लेकरं. आपण बायका वाचताना इथे थबकतोच, नाही का? बाबांचं नाव घेताना त्या माउलीने एकटीने ओढलेला संसारही आठवायला हवा. अंगावर चिंध्यांचं वस्त्र, हातात खराटा आणि मातीचं गाडगं एवढंच सामान घेऊन बाबा बारा वर्षं गावोगाव फिरले. त्या गाडग्यातच पाणी प्यायचे, त्यातच भाकरी घ्यायची. लोकांनी त्यावरूनच नाव ठेवलं, गाडगेबाबा.

आता मुद्द्याची गोष्ट. गावात आले की बाबा आधी खराटा चालवायचे. रस्ता, पार, पाणवठा स्वच्छ करायचे आणि मग भाकरी मागायचे. कुणी नुसतं बसवून जेवू घालतो म्हटलं तरी त्यांना पटत नसे. श्रम केल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही. भाकरी कालची असो, बरोबर चटणी असो की कांदा, जे मिळेल ते गाडग्यात. दिवसा खराटा आणि रात्री त्याच गावात कीर्तन. गोपालाचा गजर करता करता ते लोकांच्या डोक्यातला केरही काढायचे.

स्वतःसाठी एवढं थोडं मागणारा हा माणूस दुसऱ्यांसाठी मागताना मात्र जराही लाजला नाही. पूर्णा नदीकाठी ऋणमोचनला यात्रा भरते. तिथे १९०८ च्या सुमारास त्यांनी घाटाचं काम हाती घेतलं. यात्रेत आंधळे, पांगळे, महारोगी यांना ते जेवू घालू लागले. पुढे नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू इथे धर्मशाळा झाल्या, सदावर्तं सुरू झाली. हे सगळं कुणा एका श्रीमंताच्या थैलीतून उभं राहिलं नाही. कीर्तन ऐकून कुणी धान्य दिलं, कुणी पैसे, कुणी नुसते आपले दोन हात. ज्याच्याकडे काहीच नाही त्यालाही बाबांनी कामाला लावलं. मोठे देणगीदारही आले, पण त्यांनाही इतरांच्याच रांगेत उभं राहावं लागलं. महारोग्याला स्वतः आंघोळ घालून, नवं वस्त्र देऊन पंगतीला बसवायचं, ही बाबांची अन्नदानाची पद्धत. जेवणाराला लाचार वाटता कामा नये, याला त्यांच्याकडे अन्नाइतकंच महत्त्व होतं.

पंढरपुरात तर त्यांनी फार मोठं काम केलं. अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांना तेव्हा इतर धर्मशाळांत जागा मिळत नसे. वारीला येऊन उघड्यावर राहायचं. त्यांच्यासाठी १९१७ मध्ये चोखामेळा धर्मशाळा झाली. पुढे ती बाबांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी देऊन टाकली. एवढं उभारलं आणि सहज सोडून दिलं!

आणि आता ऐका. लाखो लोक जेवून गेले अशा सदावर्तांचा हा मालक तिथे जेवत नसे. मालक हा शब्दही त्यांना चालला नसता. पंगती उठत असताना बाबा बाहेर कुठेतरी मागून आणलेली भाकरी खात. घरच्या माणसांचीही सोय त्यांनी धर्मशाळांमध्ये लावली नाही. लोकांनी दिलेल्या अन्नावर हक्क भुकेल्याचा, आपला नाही, हे त्यांनी अखेरपर्यंत पाळलं. १९५२ मध्ये संस्थांच्या कारभारासाठी मिशन स्थापन झालं. हिशेब चोख असावा आणि काम आपल्या माघारी चालावं, ही त्यामागची दृष्टी.

१९५४ मध्ये मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. खेड्यातून आजारी माणूस घेऊन आलेलं कुटुंब शहरात कुठे राहील, काय खाईल, हा विचार त्यांनी तेव्हा केला. आज आपण जे अन्नछत्र चालवायला हातभार लावतोय ते याच माणसांसाठी आहे. रुग्णाला रुग्णालयातून जेवण मिळतं हो, पण त्याच्या पायथ्याशी बसलेली बायको, आई उपाशी असते, हे आपल्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिलं आहे.

२० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या काठी बाबांनी देह ठेवला. समाधी अमरावतीला गाडगेनगरात आहे. आपण गुरूंची माणसं, आणि बाबांनी तर कुणाला शिष्य केलं नाही, पायाही पडू दिलं नाही. यात आम्हाला विरोध वाटत नाही. गुरू ज्या वाटेने नेतात तीही शेवटी भुकेल्याच्या पानापाशीच पोचते.

तेव्हा पाचशे रुपयांचं काय? ज्यांना द्यायचे आहेत त्यांनी जरूर द्यावेत, तेही हवेतच. पण भाजणी भाजायला बसलेली सासू, लाडू वळणारी कॉलेजातली लेक, पिशव्या भरणारे काका यांचा जो वेळ त्या अन्नछत्रात जातो तो पाकिटातून जात नाही. ज्यांना पाचशे जड आहेत अशाही भगिनी आपल्यात आहेत. त्यांनी मेतकूट कांडलं तरी त्यांचा वाटा कुणाहून कमी नाही. बाबांनी प्रत्येकाच्या हाताला काम दिलं ते याचसाठी.

तीन गोष्टी मात्र आपण पाळू या. एक, विक्रीसाठी केलेलं घरी चाखायलासुद्धा घ्यायचं असेल तर पैसे पेटीत टाकून. दोन, कुणी किती दिलं याची नावं लावायची नाहीत, एकूण जमा आणि खर्च मात्र पै-पैशासह समूहावर टाकायचा. तीन, महिन्यातून एकदा प्रत्येक घरातल्या एकाने तरी अन्नछत्रात जाऊन वाढायचं, भांडी घासायची आणि झाडूही मारायचा. झाडू आधी मारला तर उत्तमच!

कोण काय करणार ते रविवारपर्यंत कळवा. थालीपिठाची भाजणी, शेंगदाण्याची चटणी आणि शंकरपाळे यांना अजून कुणी नाव दिलेलं नाही.

जय गुरुदेव 🙏