६ डिसेंबर, जोतीराव आणि ओतूर

६ डिसेंबरला आपण चैत्यभूमीकडे निघतो. याच तारखेला, १८६५ साली, अमेरिकेत गुलामगिरी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीला पुरेशा राज्यांची मंजुरी मिळाली. पुण्यातले जोतीराव फुले तेव्हा ३८ वर्षांचे होते. सावित्रीबाईंसोबत मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शाळा काढून झाल्या होत्या.

१८७३ साली त्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिले आणि कृष्णवर्णीय गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना ते अर्पण केले. आपण मात्र हे अर्पणाचे पान भरभर उलटतो. अटलांटिकपलीकडची गुलामी आणि इथल्या शूद्रातिशूद्रांची गुलामी जोतीरावांनी एका रांगेत बसवली, ती तिथेच. त्याच वर्षी २४ सप्टेंबरला सत्यशोधक समाज उभा राहिला.

हा विचार जुन्नर तालुक्यात थेट लग्नमांडवात पोचला. ओतूरला पाटलांच्या घरी ब्राह्मण पुरोहिताशिवाय लग्न लागले, तेव्हा जोशांनी बुडालेल्या दक्षिणेसाठी कोर्टात दावा लावला. सत्यशोधक समाज पाटलांच्या पाठीशी राहिला.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. साडेचार महिन्यांनी बाबासाहेब जन्मले. त्यांनी १९४६ साली शूद्रांवरचा आपला ग्रंथ जोतीरावांना अर्पण केला, आणि त्याच वर्षी कृष्णवर्णीयांचे नेते डू बॉइस यांना पत्र लिहिले.