बाबासाहेब आंबेडकर आणि खाजगीपणाचा हक्क

डॉ. भीमराव रामजी आंबेडकर (१४ एप्रिल १८९१, महू – ६ डिसेंबर १९५६, दिल्ली) हे भारतीय कायदेपंडित, अर्थशास्त्रज्ञ, समाजसुधारक व संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते. नागरिकाचे घर व कागदपत्रे यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण मिळावे, तसेच भेदभावाची बंदी खाजगी मालकांनाही लागू व्हावी, असे प्रस्ताव त्यांनी १९४७ मध्ये मांडले.

बडोदा ते बार्शी

अमेरिका व इंग्लंडमधून परतल्यावर १९१७ मध्ये ते बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. जातीमुळे राहण्यास जागा मिळेना, म्हणून एका पारशी वसतिगृहाच्या नोंदवहीत त्यांना पारशी नाव लिहावे लागले. अकराव्या दिवशी खरी ओळख उघड झाली आणि काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना तेथून निघण्यास भाग पाडले. पुढे बॅरिस्टर होऊन त्यांनी मुंबईत वकिली आरंभली. १९२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेत त्यांनी भाषण केले. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली.

संविधान सभेतील प्रयत्न

मार्च १९४७ मध्ये मूलभूत हक्क उपसमितीस दिलेल्या निवेदनात त्यांनी झडतीविषयीचे कलम समाविष्ट केले. कारखाने व व्यापारी संस्थांच्या मालकांनी वंश, पंथ वा सामाजिक दर्जा पाहून केलेला भेदभाव गुन्हा मानावा, असेही त्यात होते. तपासकामात अडथळा येईल, असा आक्षेप बेनेगल नरसिंह राव व अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांनी झडतीविषयक तरतुदीवर घेतला व ती पुढे वगळण्यात आली. डिसेंबर १९४८ मध्ये काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशीच दुरुस्ती सुचवली. फौजदारी प्रक्रिया संहितेत ही तरतूद असली, तरी ती कायदेमंडळाच्या आवाक्याबाहेर ठेवणे इष्ट, या विचाराने आंबेडकरांनी तिला अनुकूलता दर्शवली. तथापि ती संविधानात आली नाही.

नंतरचा कायदा

संविधानात असे कलम नाही, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने १९५४ च्या एम. पी. शर्मा खटल्यात विचारात घेतला. १९६२ च्या खरकसिंग खटल्यात बहुमताने खाजगीपणाचा हक्क मान्य झाला नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो एकमताने मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ने खाजगी व्यवसायांवरही कर्तव्ये घातली. कायद्यात नमूद केलेल्या प्रसंगांखेरीज संमतीशिवाय माहिती वापरता येत नाही. संमतीची विनंती मराठीसह आठव्या अनुसूचीतील भाषांत वाचण्याची सोय द्यावी लागते. माहिती सुरक्षित ठेवणे व ती फुटल्यास संबंधित व्यक्तीस कळवणे बंधनकारक आहे. सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.