विश्लेषण : काळ्या मोहऱ्यांना ‘निम्झो-इंडियन’ बचाव देणारे निम्झोविच कोण होते?

चेन्नईत २०१३ मध्ये झालेल्या जागतिक अजिंक्यपद लढतीचा नववा डाव भारतीय बुद्धिबळप्रेमी विसरलेले नाहीत. विश्वनाथन आनंदकडे पांढरी मोहरी होती आणि त्याला विजय हवाच होता. मॅग्नस कार्लसनने काळ्या मोहऱ्यांसह ‘निम्झो-इंडियन’ बचाव निवडला आणि २८ चालींत आनंदला डाव सोडावा लागला. हा बचाव ज्यांच्या नावाने ओळखला जातो, ते आरोन निम्झोविच स्वतः मात्र जागतिक अजिंक्यपदाची लढत कधीच खेळू शकले नाहीत.

काळ्यासमोरचा पेच काय?

पहिली चाल पांढऱ्याची. त्यामुळे पटाच्या मध्यावर आधी प्यादे आणण्याची संधीही त्यालाच मिळते. काळ्याने लगेच आपले प्यादे समोर उभे करायचे, की पांढऱ्याला मध्यभाग घेऊ देऊन मग त्यावर दबाव आणायचा? काळ्याचे ओपनिंग निवडताना हा मूळ प्रश्न असतो. निम्झोविच यांनी दुसरा मार्ग धरला.

सुरुवात कुठे झाली?

निम्झोविच यांचा जन्म १८८६ मध्ये रीगा येथे एका सधन ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते. बुद्धिबळ वडिलांनीच शिकवले. १९०४ मध्ये ते तत्त्वज्ञान शिकण्यासाठी बर्लिनला गेले, पण अभ्यास मागे पडला आणि पट पुढे आला.

टारॅश यांच्याशी वाद कशावरून?

त्या काळी जर्मनीचे डॉ. सिगबर्ट टारॅश यांचा शब्द प्रमाण मानला जाई. मध्यभाग प्याद्यांनी व्यापलाच पाहिजे, ही त्यांची शिकवण. मध्यभाग घोडे आणि उंट यांच्या साहाय्याने दुरूनही ताब्यात ठेवता येतो, असे निम्झोविच यांचे म्हणणे. १९१३ मध्ये त्यांनी टारॅश यांच्या विचारांवर लेखातून उघड टीका केली. पुढच्याच वर्षी सेंट पीटर्सबर्गच्या स्पर्धेत टारॅश यांनी दोन्ही उंटांचा बळी देत त्यांना हरवले. निम्झोविच त्या स्पर्धेत प्राथमिक फेरीतच बाद झाले. मग महायुद्ध आणि क्रांती आली. १९२० मध्ये त्यांनी मायदेश सोडला आणि स्वीडनमार्गे १९२२ मध्ये ते कोपनहेगनला पोहोचले. तिथे भाड्याच्या एका लहानशा खोलीत त्यांनी उर्वरित आयुष्य काढले.

बचाव चालतो कसा?

पांढरा वजिरासमोरचे प्यादे दोन घरे पुढे टाकतो. काळा प्याद्याऐवजी राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढतो, मग राजासमोरचे प्यादे एक घर सरकवतो. पांढऱ्याने तिसऱ्या चालीत वजिराच्या बाजूचा घोडा काढला, की काळा उंट बी-४ वर आणून त्या घोड्याला जखडतो. हाच निम्झो-इंडियन. पांढऱ्याने राजाकडचा घोडा काढला, तर काळा ‘क्वीन्स इंडियन’कडे वळतो. या दोन बचावांची जोडी आजही लोकप्रिय आहे.

याची किंमतही आहे. काळ्याला बरेचदा घोड्याच्या बदल्यात उंट द्यावा लागतो. मोबदल्यात पांढऱ्याची प्यादी एकामागे एक अडकतात आणि त्यांची नाकेबंदी करता येते.

पटावर ते सिद्ध झाले का?

होय, तेही काळ्या मोहऱ्यांसह. १९२३ मध्ये कोपनहेगनला झेमिश यांच्याविरुद्ध क्वीन्स इंडियनमध्ये त्यांनी अशी स्थिती आणली, की पट मोहऱ्यांनी भरलेला असूनही पांढऱ्याने कोणतीही चाल केली तरी नुकसानच होणार होते. झेमिश यांनी २५ चालींनंतर डाव सोडला. १९२६ मध्ये ड्रेस्डेनला योनर यांच्याविरुद्ध निम्झो-इंडियनमधील नाकेबंदीचा आदर्श डाव झाला. ती स्पर्धा त्यांनी नऊपैकी साडेआठ गुणांनी जिंकली. अलेखाइन मागे राहिले. याच सुमारास आलेले ‘माय सिस्टम’ हे त्यांचे पुस्तक आजही प्रशिक्षक वाचायला सांगतात.

नावात ‘इंडियन’ का?

१८५० च्या दशकात कोलकात्यात महेशचंद्र बॅनर्जी हे जॉन कॉक्रेन यांच्याशी खेळताना घोडा आधी काढत आणि प्यादी सावकाश पुढे नेत. तेव्हाच्या देशी नियमांत प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे जाण्याची मुभा नव्हती. त्या सवयीतून आलेल्या या शैलीला पुढे ‘इंडियन’ नाव मिळाले.

विश्वविजेतेपद का हुकले?

जगज्जेत्या कापाब्लांका यांना आव्हान द्यायचे तर १९२२ च्या नियमांनुसार १० हजार डॉलर उभे करावे लागत. निम्झोविच यांना ते जमले नाही. १९२९ मध्ये कार्ल्सबाडला २२ खेळाडूंच्या स्पर्धेत त्यांनी १५ गुणांसह पहिला क्रमांक मिळवला. कापाब्लांका अर्ध्या गुणाने मागे होते, पण तोवर विजेतेपद अलेखाइन यांच्याकडे गेले होते आणि निम्झोविच यांना लढत मिळाली नाही. १६ मार्च १९३५ रोजी, ४८ व्या वर्षी, न्यूमोनियाने कोपनहेगनमध्ये त्यांचे निधन झाले.

जागतिक अजिंक्यपदाच्या पटावर ते कधी बसले नाहीत. त्यांचा बचाव मात्र त्या पटावर अनेकदा खेळला गेला.