अर्थशास्त्र की वकिली? बाबासाहेबांनी दोन्ही घेतले

शाळेत बाबासाहेबांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून नकार मिळाला, फारसी घ्यावी लागली. त्यामुळे 1913 मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात पोचल्यावर ते अक्षरशः तुटून पडले. मुख्य विषय अर्थशास्त्र. जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र. यातले पोटापाण्याचे किती, हा हिशेब तिथे दिसत नाही.

तो लंडनला दिसतो. 1916 मध्ये त्यांनी अर्थशास्त्रासाठी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. शिष्यवृत्ती संपली, परतावे लागले. बडोद्यात एवढ्या पदव्या असलेल्या माणसाला राहायला जागा मिळेना. नोकरीवरचा विश्वास तिथेच उडाला असावा. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले आणि 1920 मध्ये पुन्हा लंडन गाठले. बॅरिस्टरी पुरी केली; रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला 1923 मध्ये डी.एस्सी. मिळाली.

मुंबईत घर चालले ते मुख्यतः वकिलीवर. पक्षकार गरीब, फी तुटपुंजी. पण वर साहेब नव्हता, म्हणून 1927 मध्ये महाडला जाताना कोणाकडे रजा मागावी लागली नाही. चवदार तळ्याच्या दाव्यात ते स्वतः प्रतिवादी होते. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल 1937 मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने लागला.