बाबासाहेब आणि बडोद्यातील एक खोली

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातले बडोदे म्हटले, की श्रीमंत सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती आठवते. आपणा बडोदेकरांना तिचा अभिमान आहे, आणि तो खोटा नाही. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी जन्मलेला हा मुलगा १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेला, तो याच राज्याच्या पैशाने. परंतु त्या चरित्रात बडोद्याचे आणखी एक पान आहे. ते आपल्या घरांतून फारसे वाचले जात नाही.

शिष्यवृत्तीच्या करारात दहा वर्षे राज्याची चाकरी करण्याची अट होती. मुदत संपताच बाबासाहेब लंडनमधला अभ्यास अर्धा टाकून परतले आणि १९१७ च्या सप्टेंबरात बडोद्यास रुजू झाले. अकौंटंट जनरलच्या कचेरीत त्यांची नेमणूक झाली. नोकरी मिळाली, पण उतरावयाचे कोठे? हिंदूंच्या खानावळीत थारा मिळणार नव्हता. शेवटी एका पारशी विश्रांतिगृहात, व्यवस्थापकाच्या संमतीने, वहीत पारशी नाव लिहून ते राहिले. जेवणासह भाडे रोज दीड रुपया. माडीवर एक लहानशी खोली, बाकी सारी अडगळ. विजेचा दिवा नाही. कंदिलाच्या उजेडात ते रात्री वाचीत बसत.

अकराव्या दिवशी सकाळी काही पारशी मंडळी हातांत काठ्या घेऊन जिना चढून आली आणि संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याची ताकीद देऊन गेली. बाबासाहेबांनी दोन मित्रांकडे विचारणा केली. एक हिंदू होते. अस्पृश्याला घरात घेतले तर नोकर सोडून जातील, ही त्यांची अडचण. दुसरे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. त्यांना पत्नीचा विचार घ्यावयाचा होता. सरकारी बंगल्यासाठी केलेल्या अर्जाचाही उपयोग झाला नाही. सामान घेऊन ते कामाठीबागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईस निघून गेले.

मी दरबारी वादकाचा मुलगा. आमच्या घराण्याला या शहरात छप्पर मिळाले ते दरबाराच्या कृपेने, असे लहानपणापासून ऐकत आलो. पण बाबासाहेबांची नेमणूकही दरबाराचीच होती! महाराजांनी अस्पृश्यांसाठी शाळा काढल्या, विलायतेचा खर्च सोसला. मात्र शहरातली एक खोली त्यांच्या शब्दानेही उघडली नाही. खोलीची किल्ली राजाकडे नसते, घरमालकाकडे आणि शेजाऱ्यांकडे असते.

पुढे १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. स्वतंत्र भारताची राज्यघटना लिहिताना ते मसुदा समितीचे अध्यक्ष होते. तिच्या १५ व्या कलमाने दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले यांत जातिधर्मावरून मज्जाव करण्यास बंदी केली. १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. खोलीतून हाकलला गेलेला माणूस साऱ्या देशाला दार कसे उघडावे हे शिकवून गेला.

तरीही घरांचा प्रश्न सुटला असे नव्हे. अहमदाबादच्या एका गृहसंस्थेने सभासदत्व आपल्याच समाजापुरते राखले होते. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम ग्राह्य धरला. मी गाणे शिकवितो. बाहेरगावचे विद्यार्थी येतात, त्यांच्यासाठी खोली पाहावयास जातो, तेव्हा भाड्याच्या आधी आडनाव विचारले जाते. विचारणारे बहुधा आपल्यासारखेच सुशिक्षित, जुन्या घरांतले असतात.

दरवर्षी २३ सप्टेंबरला सयाजीबागेतल्या संकल्पभूमीवर लोक लांबून येऊन नतमस्तक होतात. आपणही तेथे फुले वाहावीत; पण त्याहून मोठा मान एक आहे. माडीवरची खोली रिकामी झाली, की येणाऱ्याला भाडे सांगावे आणि आडनाव विचारू नये.